मबरूकाच्या बाटलीतलं पाणी

दुःखाला रंग नसतो, हे छायाचित्रणातल्या जाणकारांनी एकमताने ठरवलेलं आहे. (ज्यांना दुःख होतं, त्यांना त्या बैठकीचं बोलावणं नव्हतं.) म्हणून मोर्चातला माणूस कृष्णधवलातच टिपावा. रंगीत फोटोत त्याच्या गुलाबी प्लास्टिकच्या चपला दिसतात आणि करुणा पातळ होते.

दक्षिण ट्युनिशियातल्या एका गावच्या मबरूकाला हे ठाऊक नव्हतं. तिच्या नळाला गंजाचं, चहासारखं तांबडं पाणी येई. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं आणि तिला द्यायच्या पांढऱ्या चादरी धुऊन धुऊन विटकरी झालेल्या. पाणी खात्याच्या साहेबांनी पुरावा मागितला होता. तेव्हा ते पाणी काचेच्या बाटलीत भरून ती मोर्चात गेली आणि बाटली उंच धरून उन्हात उभी राहिली.

राजधानीहून आलेल्या नबील या नामवंत फोटोग्राफरने तिला हसू नका म्हणून विनवलं. गरज नव्हती. शेजारीण सालहा तिच्या पायावर पाय देऊन उभी होती.

"खाला, काय वेदना आहे डोळ्यांत," नबील मावशीला म्हणाला.

"पायात आहे रे बाबा. तू पाण्याचा रंग नीट घे."

फोटो गाजला, पारितोषिकं मिळाली. प्रदर्शनात लोक रडले. एका समीक्षकाने तिच्या सुरकुत्यांत अख्ख्या वाळवंटाचा इतिहास वाचला (वाळवंटाकडून अद्याप खुलासा नाही). बाटली तेवढी स्फटिकासारखी चमकत होती.

पाणी खात्यानेही कलेची कदर केली. साहेबांच्या खुर्चीमागे फोटोची भलीमोठी प्रत लागली. मबरूका चादर घेऊन गेली, तेव्हा साहेबांनी भिंतीकडे बोट केलं.

"तुमचाच हात ना हा? इतकं नितळ पाणी माझ्या घरी येत नाही. आणि वर तोंड केवढं पाडलंय."

तिने चादर पसरली. साहेबांनी चादरीचाही कृष्णधवल फोटो काढला आणि चादर स्वच्छ असल्याचा शेरा मारला. तेव्हापासून प्रत्येक तक्रारीला असा फोटो जोडणं सक्तीचं आहे. तक्रारी आपोआप निवळतात.

त्याच चादरी देऊन मबरूकाने लेकीची पाठवणी केली. तेव्हा ती खरोखर रडली, पण रंगीत, त्यामुळे कुणाला गहिवरून आलं नाही.

आपण वाचक मात्र हळव्या मनाचे. तिच्या पाण्याची काळजी करू नका. ही गोष्टही पांढऱ्यावर काळ्यातच छापली आहे, आणि आपण बसला आहात तिथून ते स्वच्छच दिसतं.