एका पुळीपायी पुसलेल्या कुंकवांची हकीकत

श्रीतापीमाईचे कृपेने शके एकोणीसशे पंचेचाळीस, फाल्गुन मासी, बुऱ्हाणपुरी लालबागेत राहणार शाळामास्तर प्रभाकरराव यांनी एका बोटाने एकशेबारा तसबिरी उजळविण्याची जी मोहीम केली, तिची हकीकत यथास्मृती लिहिली असे. लिहिणार तोच प्रभाकर. सबब बढाई कोठे आढळेल ती वाचणारांनी वजा करोन घ्यावी.

कारण ऐसे जे, कुळाची पुस्तिका छापावयाची ठरली आणि तीत प्रत्येक असामीची तसबीर हवी, तो मामला प्रभाकररावांनी आपण होऊन अंगावर घेतला. कुटुंब सुलभाबाई यांनी स्टुडिओवाल्यास बोलवावे ऐसी मसलत दिली, ती मोडोन काढिली. मग निंबोल्यास वडील बहीण मथुराबाई यांचे ओसरीवर खुर्ची मांडोन, समोर तिपाईवर कॅमेरा रोवोन, सकळ गोताने त्याच खुर्चीवर, त्याच जागी मस्तक धरोन बसावे ऐसे फर्मान सोडिले. मथुराबाई रुपयाएवढे कुंकू रेखोन बसल्या. त्यांचे यजमान गिरधरराव काळजाचे ऑपरेशन होऊन, आठ दिवस बेशुद्ध राहोन, नुकतेच घरी परतले होते. बाईंस ते कुंकू म्हणजे जिंकोन आणिलेला किल्ला होता.

मग खासा स्वारी कॉम्प्युटरापुढे बैसली. पहिली तसबीर स्वतःची, आणि तीत कपाळाचे ऐन मध्यभागी एक पुळी, लाल आणि मातबर. वय बावन्न, तरी पुळीचा सल भारी. मग उजेड वाढविला, आणि रंग खुलविला, आणि पुळी नामशेष केली, आणि हाच बंदोबस्त अवघ्या फौजेस व्हावा म्हणोन ‘सर्वांस लावा’ हे बटण दाबिले. एका चहाचे अवकाशात एकशेबारा तसबिरी उजळल्या. त्या मूळ प्रतींवरच जतन करोन, एकही उघडोन न पाहता, कुळाचे व्हॉट्सअॅप ग्रुपावर रवाना केल्या आणि खाली ‘एका क्लिकात!’ ऐसे लिहोन मिशीस पीळ दिला. मिशी नाही, तरी दिला.

परंतु यंत्र बहुत इमानी. त्यास पुळी ठाऊक नाही, जागा ठाऊक. त्या जागी ज्याचे जे होते ते त्याने साफ केले आणि बत्तीस सवाष्णींची कुंकवे एका दमात गेली. प्रथम भाची मालती हिचा खलिता आला, “मामा, ये क्या! सबकी बिंदी गायब करून टाकली तुम्ही!” मग मथुराबाईंचा फोन आला. बाई ओरडत्या तर बरे होते. हळूच बोलल्या, “परभाकर, तुहे दाजी जित्ते हायेत ना रे? मंग माह्या कपायावरचं कुकू काऊन पुसलं?”

आठ दिवस दवाखान्याचे दारात बाईंनी जे भय उराशी धरिले, तेच आपण रंग खुलवोन त्यांस नजर केले, याची शरम लिहिता येत नाही.

मग दुसरी मोहीम. एका तसबिरीत लाल टिकला रेखोन पुन्हा तेच बटण दाबिले आणि पुन्हा सर्व ग्रुपावर पाठविले, कारण खोड जात नाही. बायांची कुंकवे परतली, परंतु ऐंशी वर्षांचे उखर्डूकाकाही झुपकेदार मिशांनिशी कपाळी कुंकू लेवोन बैसले, आणि खुद्द प्रभाकररावही, ऐन पुळीचे जागी. मग मथुराबाईंची तसबीर कागदावर छापोन स्वारी बसने निंबोल्यास गेली आणि खालमानेने उभी राहिली. बाईंनी पाहिले आणि कागद परत दिला.

“हे कुकू तं उखर्डूलेही हाये. हे माहं नाही.”

येथे आमचे सर्व शास्त्र खलास जाहले.

तेव्हा गिरधरराव खाटेवरोन उठले, आणि भिंत धरीत देव्हाऱ्यापर्यंत गेले, आणि करंडा आणोन त्यात बोट बुडविले, आणि कागदावरील त्या टिकल्यावर रुपयाएवढे कुंकू रेखिले. हात कापत होता, म्हणोन ते वाकडे जाहले. बाईंनी कागद हाती घेतला. मग यजमानांचे बोट पदराने पुसले आणि भावास जेवोन जा म्हणाल्या.

येणेप्रमाणे शिकस्त प्रभाकररावांची आणि फत्ते गिरधररावांची, ऐसे दप्तरी नमूद केले असे. पुस्तिकेत मथुराबाईंची तीच तसबीर छापिली आहे. तीतील कुंकू वाकडे आहे. ते कोणीही दुरुस्त करू नये, ही सक्त ताकीद.