गोधड्या मोजणारे कदम भाऊजी

रोज सकाळी इमारतीखाली उभं राहून लोकांच्या वाळत घातलेल्या गोधड्या मोजणारा माणूस मी एकच पाहिला. कदम भाऊजी. ऐरोलीला आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटेच राहायचे आणि रबाळ्याच्या कारखान्यात संगणकावर काम करायचे. पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट.

"ओ भाऊजी, गोधड्या मोजा, बायका मोजू नका!" शेजारच्या शेलारवहिनी गॅलरीतून ओरडायच्या. भाऊजी मान खाली घालायचे, पण मोजणी पुरी झाल्याशिवाय हलायचे नाहीत.

तेव्हा हिवताप फार होता. मलेरियावाले रक्त घ्यायला बोट टोचतात, म्हणून घरोघर लोक ताप लपवायचे. पण हिवताप उतरताना घामानं गोधडी भिजते, आणि भिजलेली गोधडी काही लपत नाही. भाऊजींनी घरी एक जुना संगणक आणला होता. कुठल्या इमारतीत किती गोधड्या वाळत होत्या आणि मागून तिथे किती जण आजारी पडले, हे ते त्याला सांगत राहायचे. ऐकून ऐकून पुढचा ताप कुठे येणार ते यंत्र आपणहून ओळखेल म्हणे. कुणी थट्टा केली की म्हणायचे, "शिकतंय, शिकतंय."

एका सकाळी ते जिन्यावरून धावतच खाली आले. यंत्र म्हणत होतं, सगळ्या सेक्टरला ताप येणार. भाऊजींनी हातापाया पडून मलेरियावाल्यांना आणलं. बघतात तर गॅलऱ्या गोधड्यांनी भरलेल्या आणि घरात एकही आजारी नाही.

"अवो, परवा घट बसायचेत!" शेलारवहिनी पोट धरून हसल्या. "आमी सातारकर सगळं अंथरूण धुतो. तुमच्या यंत्राला नवरात्र म्हाईत न्हाई व्हय?"

"पुन्हा बोलावू नका," म्हणून मलेरियावाले चिडून निघून गेले.

संध्याकाळी मी भाजी-भाकरी घेऊन वर गेले. एरवी मी कुणाशी फारशी बोलत नाही. भाऊजी संगणकाची वायर गुंडाळून ठेवत होते. मी कसंबसं म्हटलं, "दिवाळीआधीपण धुतात. तेही सांगा त्याला."

त्यांचा हात थांबला.

"माझी बायको, सुमन, रोज गोधडी वाळत घालायची," ते म्हणाले. "मी कामावर निघताना चिडवायचो, किती गं तुला स्वच्छतेची हौस! कळलं तोवर ताप डोक्यात गेला होता."

त्यांनी वायर पुन्हा लावली. "बसा वहिनी. आणखी कधी कधी धुतात?"

मी उंबऱ्याशी बसले आणि आठवेल तसं सांगत गेले. बाळंतीण घरी गेल्यावर. लग्नाचे पाहुणे गेल्यावर. सुतकापाशी मात्र मी अडखळले.

"ते ठाऊक आहे त्याला," भाऊजी म्हणाले.