परबकाकांचा माणगा

अन्याय झाला तो वसंत परब यांच्यावर. बी विंग, पहिला मजला, बोरीवली पूर्व. गेल्या रविवारी, सकाळी साडेदहाला. काका पुतणीच्या लग्नाला कुडाळला गेलेत हे बघून आपल्या सोसायटीच्या कमिटीने इमारतीमागचं त्यांचं बांबूचं बेट मशीन लावून साफ कापलं. सोमवारी तिथे तीन गाड्या उभ्या होत्या!

काका तुम्हाला नीट माहीत नसतील तर सांगते. हा माणूस कुठलीही वस्तू आधी बोटाच्या पेराने ठोकून बघतो. कलिंगड ठोकतो, शेजाऱ्यांचं नवं दार ठोकतो, लिफ्ट ठोकतो. मग निकाल: ‘भरीव’ किंवा ‘पोकळ’. मी एकदा त्यांना प्लास्टिकविरोधी पत्रक दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि माझ्या हातातल्या पॅडवर टकटक केलं. “पोकळ. पण आवाज बरो आसा गो तुझो.”

त्यांच्या लेखी जगात पूर्ण भरवशाची वस्तू एकच, माणगा. हा कोकणातला बांबू. आतून जवळजवळ भरीव, अंगाला काटे नाहीत, पाणी साचलं नाही तर साध्या मातीतही जगतो. रिटायर झाल्यावर काकांनी गावाहून गोणपाटात बांधून त्याचे कंद आणले आणि नॅशनल पार्कच्या भिंतीलगत, जिथे आपण सगळे डेब्रिज टाकायचो, तिथे लावले. “नवो कोंब भायर येता, म्हातारो आत रवता. कोयतो आदी म्हाताऱ्यार!” हा त्यांचा कायदा. वय ओळखू यावं म्हणून दरवर्षीच्या बांबूंना वेगळ्या रंगाचा पट्टा. एक वर्ष पिवळा, एक वर्ष निळा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना ही करणी वाटली. त्यांनी बेटात लिंबू टाकलं. काकांनी त्याचं सरबत केलं.

गेल्या महिन्यातल्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी म्हणाले, “परब, त्या बांबूचे काटे मुलांना लागतील.”

काका ताडकन उठले. “काटो दाखवा, फ्लॅट तुमच्या नावार करतंय!”

“बरं, मग साप येतात.”

“पलीकडे अख्खा जंगल आसा, साहेब. साप काय माज्या बांबूसाठी अडान बसलेत?”

खरं कारण पार्किंग होतं. ते बोलायची हिंमत एकालाही नव्हती. आणि निर्लज्जपणा बघा, सेक्रेटरींच्या गॅलरीत कपडे वाळतात ते काकांनी फुकट दिलेल्या माणग्यावर! गणपतीचा मांडव त्याच्यावर, तुमच्या कुंड्यांतल्या वेलींना टेकू त्याचाच. काकांनी कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त मधले दोन, पांढऱ्या पट्ट्याचे, कुणाला द्यायचे नाहीत. चांगले जुने झाले होते. स्वतःचाच कायदा मोडून ते ठेवले होते.

मंगळवारी काका परतले. मला वाटलं, आता बिल्डिंग हादरेल. त्यांनी बॅग खाली ठेवली. एका गाडीच्या बॉनेटवर टकटक केलं. “पोकळ.” मग हळूच मला विचारलं, “पांढऱ्या पट्ट्याचे दोन खंय टाकल्यानी?”

ट्रकमध्ये गेले, मी म्हटलं.

ते जिन्यात बसले. त्यांच्या वाडीत माणूस गेला की शेजारी न बोलावता कोयता घेऊन निघतात. तिरडीचे बांबू त्याच्याच बेटातले, हिरवे. काकी इथे गेल्या तेव्हा काकांना दुकानात फोन करावा लागला. सुकलेले आले, त्यातला एक चिरलेला. “बांबूच्या बेटात वाढलेली बाई, आणि तिका विकतचे.” मग म्हणाले, “माका पोरबाळ नाय. न्हेतले कोण, म्हायत नाय. निदान बांबू तरी घरचे.”

बुधवारी त्यांनी पट्ट्यांसाठी पांढऱ्या ऑइलपेंटचा नवा डबा आणला. दाराआड ठेवलाय. कारण माणगा कापल्याने मरत नाही, कंद जमिनीखाली जिवंत आहेत. पाऊस लागला की कोंब वर येतील. कोवळा कोंब बोटाने मोडतो, टायरखाली त्याचं काय होईल ते सांगायला नको.

गाड्या कुणाच्या, मला ठाऊक आहे. तुम्हालाही. ज्या काठीवर तुमचा टॉवेल वाळतोय, ती एकदा ठोकून बघा. मग चावी घ्या, खाली उतरा आणि पाऊस यायच्या आत गाडी काढा.