वाजलं तं येईन कोन?

इंगोले आमच्या घरी पहिल्यांदा आले ते बाथरूमच्या खिडकीतून. शनिवारची सकाळ होती, अकरा वाजले होते आणि मी गालाला साबण फासून आरशासमोर उभा होतो. मागे खरखर झाली म्हणून वळलो, तर खिडकीची जाळी गायब आणि तिच्या जागी पांढऱ्या मिशांचं एक डोकं. दातांत पेचकस. मी ओरडायला तोंड उघडलं आणि साबणच तोंडात गेला.

"घाबरू नोका, सर," पेचकस काढून ते डोकं म्हणालं. "मी अलारमवाला. तुमीच बलावलं ना फोन करून?"

"अहो, पण दार आहे की!"

"चोर दारातून येते काय?" असं म्हणत त्यांनी एक पाय आत टाकला आणि दुसरा टाकताना कण्हले. "जाळी चार स्क्रूवर हाय. चोराले दोन मिनिट लागतीन. मले जरा जास्त लागले, गुडघे दुखतात माहे."

मग ते ओल्या फरशीवरून चपलांसकट स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हणाले, "माय, तुमच्या घरात चोरी झाली. आता चहा ठेवा."

आई ओरडेल, लाटणं उचलेल असं मला वाटलं होतं. तिने मुकाट्याने चहा ठेवला. धक्के सगळे माझ्याच वाट्याला.

मी अकोल्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. सोमवार ते शुक्रवार तिकडे, शनिवार-रविवार अमरावतीला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आणि घरात एकटी. अकोल्याला चल म्हटलं की तिचं एकच उत्तर, "मी नाई येत." त्या महिन्यात आमच्या गल्लीत भरदिवसा एक घर फुटलं. त्याच आठवड्यात आईने गॅसवर दूध ठेवलं आणि ती देवळात निघून गेली. पातेलं कोळसा झालं. त्यानंतर अकोल्यात बसून मला कामच सुचेना. ग्रंथालयात कुठे पुस्तक पडलं तरी मी दचकायचो. म्हणून हा अलारम.

इंगोले टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. आमच्या मागच्या दुसऱ्या गल्लीत राहतात. वायर म्हटली की त्यांचा आवाज हळवा होतो. बिनवायरच्या यंत्रांविषयी मी काही विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. प्रत्येक खोलीत ते भिंतीला कान लावून टकटक करत. वायर भिंतीतून नेली तर उंदराचं भेव, भिंतीवरून नेली तर चोराचं, म्हणून ती नेमकी कुठून न्यायची यावर ते स्वतःशीच वाद घालत आणि बहुतेक वेळा हरत.

धुराचा सेन्सर लावायची त्यांची तऱ्हा तर मी जन्मात विसरणार नाही. ते स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि आईला म्हणाले, "माय, रोज करता तसा सैपाक करा. मले धूर पाहू द्या." आईने तव्यावर हिरव्या मिरच्या भाजल्या. घरभर ठसका. मी खोकत अंगणात पळालो. इंगोले मात्र डोळ्यांतून पाणी गाळत छताकडे बघत होते, धूर कुठे वळतो, कुठे थांबतो ते बोटाने हवेत रेखत होते. मग तो ठेचा तीन भाकरींबरोबर खाल्ला. संध्याकाळी पिठलं करायला लावून तोच अभ्यास पुन्हा केला.

"इथं धुराचा नाई चालत," त्यांनी निकाल दिला. "इथं गरमीचा लावा लागते, धुराचा तिकडं बोळीत. नाई तं रोज ठेच्याच्या टायमाले बोंबलीन. पहिल्या दिवशी कॉलनी पळत येईन. दुसऱ्या दिवशी दोघं येतीन. चौथ्या दिवशी कोनी नाई येनार."

एवढं बोलून ते तांब्याभर पाणी प्यायले. मला वाटलं, मिरची लागली असेल.

दुसऱ्या दिवशी सगळं बसवून झालं. दारांना, खिडक्यांना सेन्सर, आईच्या पलंगाशी लाल बटण, ओसरीवर सायरन. मी खूश. म्हटलं, "आता हे वाजलं की माझ्या मोबाइलवर कळेल ना?"

"कळीन ना. मंग?"

"मग काय, मी निघेन."

"अकोल्याहून?" इंगोले शिडीवरून खाली उतरले. "अर्ध्या रस्त्यात मूर्तिजापूर येस्तोवर इथं काय उरीन? तुमी काय रोज राख सावडाले येसान?"

इतक्या शांतपणे आणि इतकं भयंकर माझ्याशी आजवर कोणी बोललेलं नव्हतं. आई मात्र मान डोलावत होती.

"वाजलं तं येईन कोन, ते सांगा," इंगोले म्हणाले. "शेजारी कोन हाय?"

इथेच सगळं अडलं. शेजारी बोंडे, आणि बोंड्यांशी आमचं पाच वर्षं बोलणं नाही. कारण कूलर. त्यांच्या कूलरचं पाणी आमच्या भिंतीवर गळतं, भिंत फुगते, रंग उडतो. मी एकदा बोललो, ते दोनदा बोलले, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकांना दिसलो की आकाशाकडे बघतो. मी हे सगळं इंगोल्यांना समजावत होतो तोवर ते बोंड्यांच्या फाटकात पोचलेसुद्धा. मी "अहो, अहो" करत मागे धावलो.

"बोंडे सायब," इंगोल्यांनी नमस्कारबिमस्कार काही न करता विचारलं, "हे म्हातारी माय जळून राह्यली असन, तं तुमी येसान का पाहत बससान?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बोंडे बनियनवर होते. त्यांचा चेहरा लालेलाल झाला. "काहून नाई येनार? मानूस हाय मी!" ते गरजले. "इचारता काय असं?"

"बस. मंग आज चार वाजता वाजवतो, या तुमी."

पुढचा तासभर इंगोले गल्लीतल्या दारोदार फिरले. प्रत्येक घरी तेच. "आज चार वाजता वाजन, ते खोटं हाय. त्याच्यानंतर जवा वाजन तवा ते खरं हाय. समजलं? आता तुमी म्हना." आणि माणसाकडून ते वदवून घेईपर्यंत हलत नव्हते. निवृत्त हेडमास्तरांकडूनसुद्धा वदवून घेतलं.

चार वाजता सायरन वाजला. मी कानावर हात ठेवतो न ठेवतो तोच बोंडे बादली घेऊन धावत आत शिरले आणि बादलीभर पाणी त्यांनी आमच्या कोरड्या, थंड शेगडीवर ओतलं. गॅस भिजला, पोळ्यांचा डबा भिजला, मी गुडघ्यापर्यंत भिजलो.

"अहो, टेस्ट होती!"

"टेस्ट तं टेस्ट," बोंडे धापा टाकत म्हणाले, "पन बरोबर करा लागते ना!"

आई पदर तोंडाला लावून हसत होती. तिने बोंड्यांना बसायला पाट दिला. पाच वर्षांनी तो माणूस आमच्याकडे चहा प्यायला, आणि जाताना भिंतीकडे बघून म्हणाला, "कूलर त्या बाजूनं सरकवतो मी."

मला इतकं बरं वाटलं की मी उत्साहात म्हणालो, "इंगोलेकाका, एकदा अजून वाजवा, मोबाइलवर नीट येतंय का पाहतो."

तर इंगोले अंगावर आले. "खेळनं हाय का हे? येक डाव वाजवलं, झालं! पुन्यांदा हात लावसान तं वायर उपटून नेईन मी!" मी हबकलो. हा माणूस रागावतो हेच मला माहीत नव्हतं. ते तसेच निघून गेले, चष्मा ओट्यावर विसरून.

तो चष्मा द्यायला मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. वाटेत मनात म्हणत होतो, या गृहस्थाचं घर म्हणजे किल्लाच असणार, फाटकाला हात लावला की चार भोंगे वाजणार. फाटक उघडंच होतं. दारही उघडं. कुठे वायर नाही, सेन्सर नाही, साधी कडी धड नाही. भिंतींवर फक्त बुजवलेली भोकं, रांगेनं, खोलीभर. इंगोले खुर्चीत बसले होते.

"तुमच्याकडे अलारम नाही?" मी थक्क होऊन विचारलं.

"होता. सात सेन्सर होते." चष्मा घेऊन ते बराच वेळ पुसत राहिले. "मले लय कौतुक त्याचं. रोज वाजवून पाहो मी, सकाळी येक डाव, संध्याकाळी येक डाव. पाव्हना आला का वाजवून दाखवो. मंग येका दिवशी तेल्हाऱ्याले गेलो कामाले. इकडं हिच्या, माह्या बायकोच्या, छातीत दुखलं. तिनं बटन दाबलं. मीच शिकवलं होतं तिले, काई झालं तं लाल बटन दाब म्हनून."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मी उभाच होतो.

"पाऊन तास वाजलं, सर, ती गेली तरी वाजतच होतं. गल्लीत सारे घरी होते. म्हने, इंगोले टेस्टिंग करून राहिला. समोरच्यानं तं खिडकी लावून घेतली, टीव्ही आयकू येत नव्हता त्याले." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे मला जास्त सोसवेना. "त्यायचं काय चुकलं? आले होते ना पहिले पहिले. मीच त्यायले सवय लावली, यायचं नाई म्हनून."

घरी आलो आणि आईला सांगितलं. ती कितीतरी वेळ भिजलेला डबा पुसत राहिली. मग म्हणाली, "त्याले सांग, घंटी लाव. मी येईन."

"आई, तुला दोन गल्ल्या चालून जायला—"

"सांग म्हटलं ना तुले."

इंगोले आठवडाभर नाही म्हणत राहिले. आईने रोज निरोप पाठवला. शेवटी पुढच्या रविवारी त्यांनी एक बटण आणि एक सायरन लावला. पण गल्लीत जाऊन सांगायचं धैर्य त्यांना होईना. ते काम मी केलं, त्यांच्याच शब्दांत. तेव्हा खिडकी लावून घेतलेल्या, इंगोल्यांच्या समोरच्या घरातल्या गृहस्थांनी दारातच सारं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "किती वाजता?"

पाच वाजता इंगोल्यांच्या सायरनचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत आला. आई काठी घेऊन निघाली. मी हात धरायला गेलो तर तिने झटकला. ती चार पावलं टाकायची, थांबायची, परत निघायची, आणि तो भोंगा सगळ्या कॉलनीवर किंचाळत होता. इतका वेळ वाजवायचं ठरलं नव्हतं.

वळणावरून पाहिलं तर फाटकाफाटकात माणसं होती. समोरचे गृहस्थ अनवाणी रस्त्यावर आले होते आणि इंगोल्यांच्या फाटकाशी येऊन थांबले होते, आत जावं की नाही न कळून. इंगोले दारात उभे. बटण हाताशी होतं, पण ते बंद करत नव्हते. आमच्या वाटेकडे बघत होते.

आईने पायरीला काठी टेकवली. "आली ना मी," ती धापा टाकत म्हणाली. "बंद कर आता, बाप्पा."

सायरन थांबला.

"पानी तं देशीन का नाई?" आई पायरीवर बसत म्हणाली. ते लगबगीने आत गेले. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. मी उठलो, तर आईने माझी बाही धरून मला खाली बसवलं. समोरच्या गृहस्थांना तिने हाताने खूण केली, तेही येऊन आमच्या शेजारी बसले. पाण्याची वाट बघत आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो.