परबकाकांचं वाळवंट

परबकाका घराबाहेर पडताना एखादवेळी चष्मा विसरतील, पण काखेतलं गवत विसरणार नाहीत. गवत म्हणजे हिरव्या प्लास्टिकच्या गवताचा पाटाएवढा तुकडा. वाण्याकडे जाताना काखेत, बँकेत काखेत, दवाखान्यात डॉक्टर छाती तपासतात तेव्हाही काखेतच. एका बारशाला दारातल्या बाईंनी तो आहेर समजून हातातून काढून घेतला, तर तो परत मिळेपर्यंत काकांनी पेढ्याला हात लावला नाही.

लालबागची आमची चाळ पाडून बिल्डरने आम्हाला अठरा मजली टॉवर दिला. त्याच्या लिफ्टमध्ये काकांना कोणी "काय काका, हे काय?" असं विचारलं की तो माणूस मेलाच. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आजवर निदान चाळीस वेळा अठराव्यावर जाऊन परत आलो आहे.

काका आखातात एका तेल कंपनीत बावीस वर्षं पाइप फिटर होते. कंपनीच्या साहेबांनी तिथे वाळवंटात गोल्फचं मैदान केलं होतं. मैदान कसलं, वाळूत अठरा खड्डे आणि अठरा झेंडे. गवताची काडी नाही. म्हणून प्रत्येकाने आपलं गवत आपण न्यायचं. चेंडू पडेल तिथे तुकडा अंथरायचा, वर चेंडू ठेवून मारायचा, की तुकडा पुन्हा काखेत. खड्ड्याभोवतीची वाळू उडू नये म्हणून तिच्यात तेल कालवून ती चोपून बसवलेली. बाकीचं जग त्या जागेला ग्रीन म्हणतं, हे लोक ब्राऊन म्हणत.

शुक्रवारी पहाटे साहेबलोक खेळून एसीत शिरले की दुपारी मैदान कामगारांना मोकळं. ऊन असं की, काका म्हणतात, वर मारलेला चेंडू खाली येईपर्यंत वितळायला लागे. यात मी पदरचं काही घातलेलं नाही. उलट काकांनी सांगितलेले थेंब मी गाळले आहेत.

खेळायला जोडीदार कुरियन. केरळातल्या कोट्टायमचा वेल्डर, काकांच्याच खोलीत राहणारा. हा खेळ दोघांना कोणी शिकवला नाही. साहेबांनी टाकलेल्या जुन्या काठ्या आणि साहेबांचं बघून उचललेले नियम, एवढ्यावर सुरुवात. एकदा कुरियनचा चेंडू उंटाने गिळला. आता पुढचा फटका कुठून? कुरियन म्हणाला, जिथे गिळला तिथून. काका म्हणाले, चेंडू उंटात आहे, तेव्हा उंट जाईल तिथून. आणि उंट तर उलट्या दिशेने निघालेला. यावरून दोघे एका खोलीत अकरा दिवस बोलले नाहीत. भाताचं पातेलं एकच असल्यामुळे भांडण मिटलं, नाहीतर उंट मेला तरी मिटलं नसतं.

"बावीस वर्षां पत्रात लिवीत होते, ओव्हरटाइम करतंय," काकी म्हणतात. "ह्यो ओव्हरटाइम!"

निवृत्त होऊन आल्यावर काकांनी पहिलं काम केलं ते आमच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या गच्चीवर. तिथे सोसायटीने मुलांसाठी वाळूचा हौद केला आहे. काकांनी एका सकाळी भाच्याच्या गॅरेजमधून जळक्या ऑइलचा डबा आणला आणि हौदातल्या वाळूत कालवून झकास ब्राऊन चोपला. संध्याकाळी मजल्यामजल्यावर काळ्या ढुंगणाची पोरं घरी पोचली. सोसायटीची तातडीची सभा भरली. काकांना तिथे एकाच गोष्टीचं वाईट वाटलं, की पोरांनी खेळून झाल्यावर ब्राऊनवर झाडू मारला नाही. पुढे हौदात नवी वाळू आली, आणि दर शुक्रवारी सकाळी सात ते नऊ हौद काकांचा, असा तह झाला.

कारण शुक्रवारी सातला कुरियनचा फोन. तो कोट्टायममध्ये, हे लालबागमध्ये, आणि खेळ त्याच वाळवंटातल्या मैदानावर. काका गवत अंथरतात, त्यावर उभे राहतात, काठी नुसती हवेत फिरवतात आणि चेंडू कुठे गेला ते प्रामाणिकपणे सांगतात. तिकडून कुरियन आपला सांगतो. काकांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर, त्यामुळे सहाव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना स्कोअर पाठ.

"परब, मेरा काँटे की झाडी में गया. दो मारा, अभी उधरीच है."

"मेरा भी रेती में बैठा, साला."

मी एकदा म्हटलं, "काका, सगळं मनातच आहे तर सरळ खड्ड्यात घाला की! वाळूत कशाला रुतवताय?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळातली घंटा चोरताना सापडलो होतो. "मेल्या, गोल्फात अंपायर नसता. वारो सुटलेलो असताना बॉल सरळ जायत काय?"

लालबागमध्ये त्या वेळी पान हलत नव्हतं.

आता मुद्द्याची गोष्ट. आखातातले आणि नंतर फोनवरचे, सगळे गेम धरून कुरियन एकाने पुढे होता. काका कधी दोनाने मागे पडत, कधी एकाने. बरोबरी मात्र जन्मात झाली नाही. "एकदा बरोबरी होवंदे, मग मरूक मोकळो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की यमाचंही पाठ झालं असेल. आणि नियम असा की अठरावा खड्डा पुरा झाल्याशिवाय गेम धरायचा नाही.

गेल्या वर्षभरात कुरियन मध्येच गप्प व्हायला लागला होता. काका नेटवर्कला शिव्या घालायचे.

परवाच्या शुक्रवारी नऊ वाजायला आले तेव्हा काकांनी मला खालून हाक मारली. "दिन्या, खाली ये! साक्षीदार म्हणान उभो रव. आज बरोबरी होतली."

मी ऑफिसच्या कपड्यांत, डबा हातात घेऊन, न दिसणाऱ्या चेंडूचा साक्षीदार म्हणून हौदात उभा राहिलो. शेवटचा खड्डा. कुरियनचे सगळे फटके झाले होते. काकांचा चेंडू खड्ड्यापासून वीतभर. नुसतं ढकलायचं, की गेम काकांचा. काकांनी कपाळाचा घाम पुसला.

"कुरियन, लास्ट है. मारता हूँ."

 पलीकडून कुरियनचाच आवाज आला, फार अदबशीर. "हॅलो. आप कौन?"

काका काठी धरूनच फोनकडे वाकले.

"गोल्फ को आया है? नया आदमी है?"

मागून त्याच्या मुलीचा, लिसीचा आवाज आला. "पप्पा, ये परब अंकल हैं, बॉम्बेवाले..."

"लिसी, रहने दो बेटा," काका म्हणाले.

मी हळूच म्हटलं, "काका, आधी घाला तो चेंडू. वीतभर तर आहे. गेम संपेल." काकांनी मला हातानेच गप्प केलं. काठी हौदाच्या कठड्याला टेकवली.

"हाँ साब," ते फोनला म्हणाले. "नया है. आज ही आया."

"अच्छा, अच्छा. देखो, पहला होल से चालू करते. लेफ्ट साइड पाइपलाइन है, उधर मत मारना."

"पाइपलाइन किसने डाला, साब?"

"हम डाला. मैं और मेरा दोस्त, परब." कुरियन हसला. "बहुत अच्छा आदमी. झगडा बहुत करता. लेकिन गोल्फ में मेरे से एक पीछे है."

काका कठड्यावर बसले. लिफ्टमध्ये समोरच्याला एक वाक्य पुरं करू न देणारा हा माणूस, फोन दोन्ही हातांत धरून.

"पीछे ही रहेगा, साब," ते म्हणाले. "आगे बताइए. दूसरा होल कैसा है?"