दोन भेकांची ओळखपरेड

सन १९८४च्या वार्षिक तपासणीपूर्वी दापोलीतल्या एका कॉलेजात दोन भेकांची ओळख हरवली. भेक म्हणजे खरबरीत पाठीचा बेडूक. हे दोघे आफ्रिकेच्या गवताळ माळावरचे, दोन वेगळ्या जातींचे, कुण्या पाहुण्याने भेट दिलेले आणि फॉर्मॅलिनच्या बरण्यांत बसलेले. तपासणी येणार म्हणून शिपाई दादूने बरण्या घासून लख्ख केल्या, त्यात लेबलंही धुऊन निघाली. करायला गेला गणपती, झाला मारुती.

दादू अकरा वर्षं रोजंदारीवर होता. नमुने राखण्याच्या पदावर त्याला कायम करण्याची फाइल विभागप्रमुख ठोसरसाहेबांच्या टेबलावर होती आणि 'नमुने सुस्थितीत' हा शेरा मिळाल्याशिवाय ती हलणार नव्हती. बिचाऱ्याची झोप उडाली.

ग्रंथानुसार या दोन जातींत फरक दोनच. एकीच्या डोक्यावर फिकट फुली असते, दुसरीच्या नसते. आणि एकीचा नर घोरतो, दुसरीचा बोकडासारखा ओरडतो. बरणीत राहून दोघेही चहाच्या चोथ्याच्या रंगाचे झाले होते, त्यामुळे फुलीचा प्रश्न निकालात निघाला. उरला आवाज. तो ऐकण्यासाठी ठोसरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली.

समिती टेपरेकॉर्डर घेऊन बरण्यांसमोर बसली. पहिल्या दिवशी 'आवाज नाही' अशी नोंद झाली, दुसऱ्या दिवशी 'नमुन्यांचे सहकार्य नाही' अशी. चहा देताना दादूला राहवलं नाही.

"सायब, ते मेल्यात. बाटलीत घातलं तवाच मेलेलं व्हतं."

"ते आम्हालाही दिसतं," ठोसरसाहेब म्हणाले. "पण फॉर्मात तसा रकाना नाही."

तिसऱ्या दिवशी दादू कपाटामागे बसला. आधी घोरला, मग बोकडासारखा ओरडला. भातखाचरांत जन्म गेलेल्या माणसाला हे काय अवघड? समितीने एकमेकांचं अभिनंदन केलं, लेबलं चिकटवली आणि अहवाल वर पाठवला.

महिन्याने उत्तर आलं. अहवालावरून नमुने जिवंत असल्याचे दिसते, सबब मृत नमुने राखण्याचे पद अनावश्यक ठरते. ते रद्द करण्यात येत आहे.

दादू धावत साहेबांकडे गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"सायब, आवाज माझा व्हता."

साहेबांनी फाइल उघडून शांतपणे पाहिली. "तुझा अर्ज अकरा वर्षं इथे आहे, दादू. तुझा आवाज आल्याची नोंद कुठेच नाही. भेकांची आहे."

वाचकहो, तुमचाही एखादा अर्ज कुठेतरी पडून असेलच. तिथे माणसासारखं बोलून तुम्ही वेळ घालवलात. आता घोरायचं की बोकडासारखं ओरडायचं, तेवढं ठरवून जा.