तिसरी पायरी आणि दोनशे बारा अपघात

ज्या दुखण्याला तारीख नाही, ते दुखणंच नव्हे. पटत नसेल तर विमा कचेरीला विचारा; तिथे साडेतीनशे माणसं (दोघं रजेवर) याच सत्यावर पोट भरतात.

हिनोसाका या जपानी गावात इनोमाता-सेन्सेईंचा (म्हणजे वैद्यबुवांचा) हाडवैद्यकीचा दवाखाना आहे. सेन्सेई खांदे चोळतात. खिडकीत बसणारी कायोको विम्याचे अर्ज भरते. नियम सोपा आहे. मुरगळलं, लचकलं, मार लागला, तर विमा मिळतो. खांदा धरला, वय झालं, तर मिळत नाही. यात अन्याय काहीच नाही. वय नेमकं कुठल्या दिवशी, कुठे आणि काय करताना झालं, याला साक्षीदार कोण?

गोची एवढीच की गावात पडणारी माणसं कमी आणि म्हातारी झालेली फार. तेव्हा रुग्णांच्या आठवणीला टेकू देण्याचं काम कायोकोने आपणहून अंगावर घेतलं होतं.

"आजी, आठवून बघा ना. कुठेतरी पडलाच असाल."

"छे गं बाई! चाळीस वर्षं दुखतोय मेला खांदा," ओतोवा आजी म्हणाल्या.

"चाळीस वर्षं चालत नाहीत. मंगळवार चालेल."

"मंगळवारी मी मुळा आणायला गेले होते."

"बघा! देवळाच्या तिसऱ्या पायरीवरून मुळ्यासकट घसरलात."

"अगं बाई, हो का?" आजी हळहळल्या. "लागलं का फार?"

कायोकोला खोटं लिहायची हौस नव्हती. पण आजी एकट्या राहत. विमा तुटला तर दवाखाना तुटला, मग चादर वाळत घालायला हात वर जाणार नाही, आणि दिवसभरात "कशा आहात?" विचारणारं कुणी उरणार नाही. म्हणून ती पायरी लिहायची. एकटेपणाचा रकाना अर्जात नाही (असता तरी त्याची तारीख मागितली असती).

दुखापत तीन महिन्यांत बरी व्हावी, अशी कचेरीची अपेक्षा असते. आजींनी ती कधी मोडली नाही. वसंतात उजवा खांदा, पावसाळ्यात डावा, पानगळीत कंबर, अशा त्या शिस्तीत पडत. तिसरी पायरी सगळ्यांच्याच वाटेवर, म्हणून बाकीचेही तिथेच पडत. वर्षअखेर आकडा दोनशे बारावर गेला. निवृत्त पोस्टमन हाशिझुमे एकटे एकोणीस वेळा पडले (पैकी दोनदा गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अंथरुणावर असताना).

हे आकडे कचेरीतून नगरपालिकेत गेले आणि नगरपालिका हादरली. पायऱ्या उखडल्या, गुळगुळीत उतार बांधला, 'सावधान'ची पाटी लावली, नगराध्यक्षांनी फीत कापली. साठ वर्षं त्या पायऱ्या चढून एकदाही न अडखळलेल्या ओतोवा आजी दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या उतारावरून सपशेल घसरल्या. मनगट टम्म सुजलं.

कायोको धावत गेली, त्यांना धरून दवाखान्यात आणलं, रडली, आणि उभ्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं तेच अर्जात लिहिलं. बुधवार, सकाळी सव्वानऊ, देवळाचा उतार. हातात काही नव्हतं.

अर्ज चार दिवसांत परत आला. 'सदर ठिकाणी अपघात होऊ नये म्हणूनच उतार बांधलेला असल्याने तिथे अपघात संभवत नाही. तसेच रुग्णाच्या आधीच्या सर्व अर्जांत मुळा आढळतो, प्रस्तुत अर्जात आढळत नाही. सबब मजकूर बनावट वाटतो.'

"अरे मेल्यांनो, खरंच पडल्यात हो त्या!" कायोको त्या कागदावर ओरडली.

"ओरडू नकोस गं," आजी सुजलेला हात कुरवाळत म्हणाल्या. "अंगणात पडले म्हण. मंगळवार घाल. आणि हातात मुळा दे."

उलट टपाली मंजुरी आली. आजी पुन्हा रोज दवाखान्यात येतात, आणि कायोको त्यांना "कशा आहात?" विचारते. उत्तर अर्थात लिहून घेत नाही.

असो. तुम्ही एवढा वेळ मान खाली घालून वाचताय. मानेच्या मागे, डावीकडे, तिथे दुखतंय ना? कधीपासून? 'बरीच वर्षं' म्हणू नका. नीट आठवा. मंगळवारी तुम्ही कुठे होता?